बातमी आली, अधिकारी आले, मग काम का अडलं?

नाशिकच्या सिडकोतल्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या कॉलनीमागून उघडा नाला वाहतो. रहिवाशांनी बातमीदारांना बोलावलं, तीन पेपरांत फोटोसह बातमी आली. दुसऱ्याच दिवशी अधिकारी आले, पाहणी झाली, आश्वासन मिळालं. याला दोन महिने झाले, नाला तसाच आहे. त्यांचं म्हणणं : "कांद्याच्या बातमीने दिल्ली हलते आणि आमच्या बातमीने विभागीय कार्यालयसुद्धा हलत नाही. मग माध्यमं खरंच लोकांचं मत घडवतात का? सरकार त्यांना मानतं का? की हा सगळा देखावा आहे?"

मी नाशिकमध्ये अठ्ठावीस वर्षं बातमीदारी केली. सुरुवातीला पोलीस आणि कोर्ट, मग बरीच वर्षं महापालिका, शेवटी जिल्हा परिषद आणि बाजार समित्या. त्या अनुभवावरून सांगते, हा देखावा नाही. पण बातमीचा परिणाम जिथे होतो असं आपल्याला वाटतं, तिथे तो बहुतेक वेळा होत नाही. तुमची निराशा तिथून सुरू झाली आहे.

आपण असं धरून चालतो की बातमी लोक वाचतात, त्यांचं मत बनतं, ते मत सरकारवर दबाव आणतं आणि सरकार हलतं. माझ्या पाहण्यात हा क्रम क्वचितच असा घडला. तुमच्या नाल्याची बातमी वाचून नाशिकरोडच्या किंवा सातपूरच्या माणसाचं कसलंही मत बनलं नव्हतं. तरी सकाळी साडेदहाला अधिकारी तुमच्या दारात होते. का? कारण सरकारला लोकांचं मत थेट दिसत नाही. निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते. मधल्या काळात लोक कशावर चिडले आहेत, कशाने सुखावले आहेत, याचा सरकार अंदाज बांधतं, आणि त्या अंदाजाचं एक मोठं साधन म्हणजे बातमी. म्हणजे बातमी आधी हलवते तो सरकारचा लोकांविषयीचा अंदाज. लोकांचं मत त्यानंतर बदलतं, कधी कधी बदलतही नाही. हे एकदा पटलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बरीचशी आपोआप सुटतात.

हे मला कळलं ते एका फाईलमुळे. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी एका वसाहतीच्या पाणीपुरवठ्याची छोटी बातमी दिली होती. आतल्या पानावर, जेमतेम दीडशे शब्द. महिनाभराने दुसऱ्याच कामासाठी एका अभियंत्यांकडे गेले, तर टेबलावर उघड्या असलेल्या फाईलमध्ये माझ्या बातमीचं कात्रण डकवलेलं दिसलं. कडेला हिरव्या शाईत एक शेरा होता : तातडीने अहवाल सादर करावा. खाली तीन सह्या. त्या दीडशे शब्दांसाठी तीन माणसांना उत्तर लिहावं लागलं होतं. वाचकांपैकी एकानेही मला त्या बातमीबद्दल फोन केला नव्हता.

कात्रणाचा हा प्रवास तुम्ही समजून घ्या. जिल्हा माहिती कार्यालय रोज सकाळी पेपर चाळून कात्रणं काढतं आणि ती जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोचतात. महापालिकेचा जनसंपर्क विभाग आयुक्तांसाठी तेच करतो. आता ती व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन फिरतात, पण काम जुनंच आहे. वरच्या अधिकाऱ्याने ज्या कात्रणावर खूण केली, त्याचं उत्तर खालच्या अधिकाऱ्याला द्यावंच लागतं. बातमी खोटी असेल तर पेपरला खुलासा पाठवायचा आणि खरी असेल तर कार्यवाहीचा अहवाल वर द्यायचा. अधिवेशन चालू असेल तर आमदार हेच कात्रण हातात घेऊन लक्षवेधी लावतात, तारांकित प्रश्न टाकतात, आणि मंत्रालयातून नाशिकला फोन येतो.

आता तुमच्या नाल्याकडे या. अधिकारी आले, फोटो काढले, गेले. त्यांनी अहवालात काय लिहिलं असेल, हे मी न पाहताही बऱ्यापैकी सांगू शकते : "प्रत्यक्ष स्थळ पाहणी केली असून साफसफाई करण्यात आली आहे. नाला बंदिस्त करण्याचा प्रस्ताव निधी उपलब्धतेनुसार विचारात घेण्यात येईल." त्यांच्या लेखी बातमीला उत्तर दिलं गेलं, कात्रण निकाली निघालं. काम झालं नाही, पण विषय संपला. बातमीने जेवढं मागितलं, तेवढं तिला मिळालं. तिने मागितलं होतं "लक्ष द्या", आणि लक्ष दिलं गेलं.

यात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं, हे मला मान्यच करायला हवं. काम फुटलेल्या चेंबरचं असेल तर एका बातमीत होतं, कारण त्याला वेगळी मंजुरी लागत नाही. पैसे अंदाजपत्रकात नसतील तर दहा बातम्यांनीही होत नाही. निवडणूक जवळ असेल तर वजन वाढतं. विरोधकांनी विषय उचलला तर वाढतं, पण मग सत्ताधारी त्या विषयावर अडूनही बसतात. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. पुष्कळदा अधिकाऱ्यालाच ती बातमी हवी असते. त्याने पाठवलेला प्रस्ताव वरच्या टेबलावर महिनोन्‌महिने पडून असतो, आणि एके दिवशी तो बातमीदाराला चहाला बोलावून त्या प्रस्तावाची झेरॉक्स समोर ठेवतो. दुसऱ्या दिवशी आपल्याला वाटतं की बातमीने प्रशासनाला जागं केलं. खरं तर प्रशासनातला जागा असलेला एक माणूस बातमीच्या मदतीने दुसऱ्याला उठवत असतो. माझ्या "दणका" म्हणून मिरवलेल्या बातम्यांपैकी निम्म्या तरी अशा होत्या, आणि त्यांत मला काही गैर वाटत नाही. मात्र तो माणूस कशासाठी उठवतोय, हे तपासणं बातमीदाराचं काम आहे. मी ते प्रत्येक वेळी नीट केलं, असं म्हणणार नाही.

बातमीच्या ताकदीचं आणि मर्यादेचं आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण मी नव्या बातमीदारांना नेहमी सांगते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याचं. तास नदीच्या खोल घळीवर आडवं टाकलेलं एक लाकूड आणि त्यावरून डोक्यावर हंडे घेऊन तोल सावरत जाणाऱ्या बायका. हे वर्षानुवर्षं चालू होतं. पाड्यावरच्या लोकांना माहीत होतं, ग्रामपंचायतीला माहीत होतं, तालुक्याच्या कार्यालयालाही माहीत असणार. मग फोटो छापून आला, व्हिडिओ फिरला, तेव्हाचे मंत्री आदित्य ठाकरे यांनी दखल घेतली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल उभा राहिला. वर्षानुवर्षं न झालेलं काम काही आठवड्यांत झालं. माध्यमांचा सरकारवर प्रभाव आहे का, या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर काय हवं?

पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच वर्षी जुलैच्या पावसात तो पूल वाहून गेला. फोटोने पूल आणला, पण नदीला पूर आल्यावर पाणी किती चढतं हे फोटोत दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत काढलेल्या फोटोत तर नाहीच दिसत. बातमीने सरकारला घाई लावली, आणि घाईत झालेलं काम घाईचंच असतं. बातमी किती पोचली यापेक्षा ती काय मागत होती, हे मला तेव्हापासून जास्त महत्त्वाचं वाटतं. आम्ही सगळ्यांनी "बायकांचा जीवघेणा प्रवास" असं लिहिलं. "इथे पावसाळ्यात टिकेल असा पूल हवा, त्याला किती उंची लागेल, तो कोणत्या खात्याने बांधायचा" हे किती जणांनी लिहिलं? पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं असतं, तर पुराची खूण त्यांनी काठीने दाखवली असती.

आता लोकांच्या मताकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचा तो अर्धा भाग आहे. अमेरिकेत १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅककोम्ब्स आणि शॉ या दोन अभ्यासकांनी चॅपेल हिल या गावातल्या मतदारांना विचारलं, की तुमच्या मते देशापुढचे मोठे प्रश्न कोणते. लोकांनी लावलेला क्रम आणि बातम्यांनी त्या प्रश्नांना दिलेल्या जागेचा क्रम जवळजवळ सारखा निघाला. १९७२ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि पत्रकारितेच्या वर्गांत आजही शिकवला जातो. मला त्याचं सार आपल्या चौकात रोज दिसायचं. कोणाला मत द्यायचं, हे पेपर वाचून फार थोडे लोक ठरवतात. पण सकाळी चहाच्या टपरीवर बोलायचं कशावर, हे पेपर किंवा आता मोबाईल ठरवतो. आणि ज्यावर बोललंच जात नाही, त्यावर मत बनत नाही.

म्हणून बातमीत कोण येत नाही, हा प्रश्न मोठा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केलं, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नव्हती. दहा वर्षांनी, २ मार्च १९३० ला, इथे पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली तो वर्षानुवर्षं चालला. त्याच वर्षी बाबासाहेबांचं 'जनता' निघालं. ज्यांचं म्हणणं प्रस्थापित पेपरांत पोचत नव्हतं, त्यांना स्वतःचा पेपर काढल्यावाचून गत्यंतर नव्हतं. पूर्व दरवाजासमोरून जाताना मला हे नेहमी आठवतं.

आणि मग २०१८ चा मार्च. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) चौकातून किसान सभेचा मोर्चा मुंबईला पायी निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणकडचे आदिवासी शेतकरी, त्यांत बायका मोठ्या संख्येने. मुख्य मागणी वनजमिनीच्या पट्ट्यांची. २००६ च्या वनहक्क कायद्याने जे द्यायचं ठरलं होतं, ते बारा वर्षांनीही हातात नव्हतं. नाशिकच्या पेपरांनी पहिल्या दिवसापासून बातम्या दिल्या, पण त्या जिल्ह्याच्या पानांवर. राष्ट्रीय वाहिन्यांवर पहिले दोन-तीन दिवस जवळपास काही नव्हतं. मोर्चा कसारा घाट उतरू लागला तशी वरून काढलेली दृश्यं फिरू लागली, लाल टोप्यांची लांबच लांब रांग. त्यापाठोपाठ तळपायांचे फोटो आले, सोललेले, फोड फुटलेले, फाटक्या चपलांतले. त्या पायांना कोणत्याही मथळ्याची गरज नव्हती.

मला यातला सर्वांत महत्त्वाचा क्षण मात्र ११ मार्चच्या रात्रीचा वाटतो. सुमारे १८० किलोमीटर चालून मोर्चा शीवजवळ सोमय्या मैदानावर पोचला होता. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी ते लोक निघाले असते तर मुंबईची वाहतूक अडली असती आणि बातमीचा मथळा तयारच होता : मुंबईकर वेठीस, विद्यार्थ्यांचे हाल. मोर्चेकऱ्यांनी ठरवलं की पोरांची परीक्षा चुकता कामा नये, आणि सहा दिवस चाललेली ती माणसं न झोपता रात्रीच आझाद मैदानाकडे निघाली. सकाळी मुंबई उठली तेव्हा रस्ते मोकळे होते. लोक पाणी, बिस्किटं, चपला घेऊन आले. शेतकऱ्यांच्या मागण्या आदल्या दिवशी होत्या त्याच होत्या. बदललं ते शहराचं त्यांच्याकडे पाहणं, आणि त्याहून जास्त बदलला तो सरकारचा अंदाज. आता शहरही यांच्या बाजूने आहे, हे सरकारला टीव्हीवर दिसत होतं. १२ मार्चला लेखी आश्वासन मिळालं. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं त्यात होतं.

सहा महिने झाले, दावे बाकीच. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा मोर्चा निघाला, मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा. तो वाशिंदपर्यंत गेला आणि आश्वासनांवर थांबला. लेखी कागद मिळाल्याची बातमी साऱ्या देशात गेली होती. पण सुरगाण्यात एखाद्याचा दावा कोणत्या टेबलावर, कोणत्या नकाशावाचून अडला आहे, ही बातमी देशाची नव्हती. ती आम्ही नाशिकच्या बातमीदारांनी सातत्याने द्यायला हवी होती. काही जणांनी दिली. मी दोन दिल्या आणि मग निवडणुकीच्या धावपळीत सुटलं, ही खंत मला आहे. सरकारला हे पक्कं माहीत असतं की माध्यमांचं लक्ष एका जागी फार टिकत नाही. त्यामुळे त्याला आश्वासन द्यायला घाई असते, ते पाळायला नसते.

तुम्ही कांद्याचं उदाहरण दिलंत. त्यात फरक कुठे आहे, ते पाहा. लासलगावचा भाव वाढला की आपल्याकडचे पेपर लिहितात, कांदा सावरला. दिल्लीच्या वाहिन्या त्याच दिवशी म्हणतात, कांदा भडकला, गृहिणींच्या डोळ्यांत पाणी. दोघेही खोटं बोलत नाहीत. प्रत्येक जण आपल्या वाचकाच्या, प्रेक्षकाच्या बाजूने पाहतो. पण वाहिन्यांची कार्यालयं जिथे आहेत, तिथे कांदा विकत घेणारे राहतात, पिकवणारे नाही. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातली भाजपची सत्ता गेली, त्याचं एक मोठं कारण कांदा होता, हे प्रत्येक पक्षाच्या मनावर कोरलेलं आहे. त्यामुळे कांदा महागल्याची बातमी सरकारला निवडणुकीचा अंदाज म्हणून वाचता येते, आणि कांदा मातीमोल झाल्याची बातमी एका जिल्ह्याचं दुखणं म्हणून. २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांदा विकून हाती आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवून दिले. ती बातमी देशभर गेली, कारण त्यात आकडा होता, मनीऑर्डर होती, एक माणूस होता. "भाव पडले" ही त्याच आठवड्यातली आमची रोजची बातमी निफाडच्या पुढे गेली नव्हती.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदीच आली. आपल्या पेपरांत पाच महिने त्याविरुद्ध रोज काही ना काही येत होतं. दिल्लीला शहरातल्या महागाईची चिंता जास्त होती. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तेव्हा आपल्याकडच्या लोकसभेच्या मतदानाला सोळा दिवस उरले होते. दिंडोरीत तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री पडल्या. पराभवाला एकच कारण नसतं, हे मी जाणते. पण गावोगाव फिरताना मला कांद्यावाचून दुसरा विषय फारसा ऐकू आला नाही. हे मत पेपरांनी घडवलं नव्हतं. ते पट्टीवरच्या, म्हणजे कांदा विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या पावतीवरच्या, आकड्याने घडवलं होतं. पेपरांनी इतकंच केलं, की येवल्याच्या माणसाला चांदवडच्या माणसाची पट्टी दाखवली. आपला राग आपल्या एकट्याचा नाही, हे त्याला कळलं. मला विचाराल तर लोकमतावर माध्यमांचा सर्वांत खोल परिणाम हाच. नवा राग ती क्वचित निर्माण करतात, पण सुटे सुटे राग एकमेकांना भेटवतात.

म्हणूनच भीती वाटते ती याच ताकदीच्या दुरुपयोगाची. १ जुलै २०१८ ला, शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भटक्या माणसांना ठेचून मारलं. त्याच सुमारास मालेगावातही पोलिसांनी काही जणांना जमावाच्या हातून सोडवलं. अफवा व्हॉट्सॲपवर आल्या होत्या. तिथे उपसंपादक नव्हता, "हे कोणी सांगितलं, पोलिसांना विचारलंस का" असं विचारणारं कोणी नव्हतं. गाव एकत्र आलं, पण खोट्या गोष्टीवर. पेपर कितीही उणे असले तरी मधला तो एक प्रश्न विचारणारा माणूस गेला की काय होतं, हे आपण इतक्या जवळून पाहिलं आहे.

सरकारही माध्यमांवर प्रभाव टाकतं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण ते सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. टाकतं, आणि मुख्यतः जाहिरातींतून. निविदा, जाहीर नोटिसा, योजनांच्या पानभर जाहिराती हा जिल्हा पातळीवरच्या पेपरांचा मोठा आधार असतो. बिलं थकली की पगार थकतात. मी ज्या पेपरांत काम केलं, त्यांपैकी एकात माझी एका ठेक्याची बातमी आठवडाभर "जागा नाही" म्हणून थांबली होती. कोणी ती देऊ नको म्हणालं नाही. जागा मात्र मिळाली नाही. आणि २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तर वेगवेगळ्या पेपरांत उमेदवारांच्या कौतुकाचा शब्दन्‌शब्द सारखा मजकूर बातमी म्हणून छापून आला. प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करावी लागली, आणि आता निवडणुकीत प्रत्येक जिल्ह्यात त्यावर नजर ठेवणारी समिती असते. विकत घेतलेली बातमी मतदाराला फसवतेच, पण ती सरकारच्या हातातलं लोकांना जाणण्याचं साधनही नासवते. आपणच पैसे देऊन छापून आणलेलं कौतुक लोकांचं मत म्हणून वाचायला लागलेला नेता कसा पडतो, हे मी दोन-तीनदा पाहिलं आहे.

अलीकडच्या काळाची एक गोष्ट खास नाशिकची. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच कारभार पाहत होते. जवळपास पावणेचार वर्षं नगरसेवक नाही, महासभा नाही. नळाला पाणी नाही म्हणून ज्या बाईने आधी नगरसेवकाच्या दारात भांडण केलं असतं, ती बातमीदाराला फोन करू लागली. त्या काळात बातमीला तिच्या ताकदीबाहेरचं ओझं उचलावं लागलं. कुंभमेळ्याच्या तपोवनातल्या साधुग्रामासाठी झाडं तोडण्याचा विषय २०२५ च्या शेवटी किती पेटला, ते तुम्ही पाहिलंतच. सभागृहात प्रश्न विचारायला कोणी नव्हतं, म्हणून तो पेपरांत, रस्त्यावर आणि न्यायालयात विचारला गेला. झाडाचा फोटो निघतो, म्हणून तो विषय मुंबईपर्यंत गेला. नाल्याचाही फोटो निघतो. पण निधीच्या तरतुदीचा फोटो निघत नाही, आणि तुमचं काम अडलं आहे ते तिथे.

तर तुमच्या बातमीपासून पुढे असं करा. ती वाया गेली असं समजू नका. तिने तुम्हाला एक कागद मिळवून दिला आहे, तो फक्त अजून तुमच्या हातात आलेला नाही. माहिती अधिकारात अर्ज टाका. मजकूर साधा ठेवा : अमुक तारखेच्या अमुक बातमीच्या अनुषंगाने केलेल्या स्थळपाहणीचा अहवाल, त्यावरील टिपणी आणि नाला बंदिस्त करण्याच्या प्रस्तावाची सद्यस्थिती यांच्या प्रती मिळाव्यात. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात "निधी उपलब्धतेनुसार" असं काही निघालं, तर तुमची मागणी बदला. "नाला साफ करा" हे सोडा आणि "येत्या अंदाजपत्रकात या कामाला तरतूद करा" हे धरा. आता नगरसेवक आहेत. प्रभागातल्या चौघांनाही तेच पत्र त्याच दिवशी द्या आणि प्रत्येकाची पोच घ्या.

बातमीदाराकडे पुन्हा जाताना नाल्याचा नवा फोटो घेऊन जाऊ नका. तो त्याने छापला आहे, त्याचा संपादक त्याला तेच म्हणेल. तो अहवाल घेऊन जा. "साफसफाई करण्यात आली आहे" असं लिहिलेला कागद आणि त्याच तारखेचा तुंबलेल्या नाल्याचा फोटो शेजारी शेजारी ठेवले की ती नवी बातमी होते. तिचं उत्तर पुन्हा "पाहणी केली" असं देता येत नाही. आणि तिघांना एकदम बोलावू नका. जो बातमीदार महापालिका नेमाने पाहतो, त्या एकालाच कागद द्या आणि वाचायला चार दिवस द्या. अंदाजपत्रक स्थायी समितीत कधी येणार, ते त्याला माहीत असतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात ती बातमी आली, तर तिला जे वजन येईल ते पावसाळ्यात येणार नाही.

कॉलनीत पाच-सहा वर्षांपूर्वीच्या तक्रारींच्या पोचपावत्या कोणाकडे असतील तर आत्ताच गोळा करून ठेवा, विशेषतः निवृत्त झालेल्या मंडळींकडे. ते असे कागद टाकत नाहीत. अहवालाची प्रत हाती आली की त्यातलं शेवटचं वाक्य मला कळवा. पुढचं पत्र आयुक्तांना लिहायचं की विभागीय अधिकाऱ्यांना, ते त्यावरून ठरेल.